'चमचा'मधला च : नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका स्पीच थेरपी क्लिनिकचा आठ महिन्यांचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे गेला ते पुढे येईलच. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्यावरून तिथल्या मॅडमना कुणी बोललेलं मला चालणार नाही.

पेशंट म्हणजे आमचे अण्णा, माझे सासरे. प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही, नोटाच आठवतात. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून ब्रश पडला. सासूबाईंना हाक मारायला गेले, तर तोंडातून निघालं "चला".

पुढचे पाच आठवडे सगळ्याला "चला". पाणी हवं, चला. लघवीला जायचंय, चला. नातू शाळेतून आला, चला. गंमत म्हणजे सूर अगदी बरोबर लागायचा. प्रश्नाचा चला वेगळा, रागाचा वेगळा, लाडाचा वेगळा. आणि एकदा हॉस्पिटलात वॉर्डबॉयनं सलाईनची नळी जोरात ओढली, तेव्हा भ वरून सुरू होणारी एक शिवी अख्खी, स्वच्छ, खणखणीत बाहेर पडली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आम्ही बाकीचे आनंदानं रडायला लागलो, वाचा आली म्हणून. दोन मिनिटांनी पुन्हा "चला".

याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. उजव्या हातानं कामं करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि शरीराची उजवी बाजूही तिकडूनच चालते, म्हणून हात आणि बोलणं जोडीनं गेलं. हे डॉक्टरांनी सांगितलं. शिवीचं कोडं मात्र मॅडमनी पहिल्या बैठकीत सोडवलं. शिव्या, आकडे मोजणं, आरती, "रामराम", हे सगळं तोंडात बसलेलं असतं. त्यात शब्द शोधावा लागत नाही, एकाला धरून दुसरा येतो. "पाणी द्या" म्हणायला मात्र हजारो शब्दांतून 'पाणी' उचलावा लागतो. आपण सेकंदाला दोन-तीन शब्द असे उचलत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हा फरक एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलाय.

अण्णांचा "चला" ऐकून मॅडम हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी पॅरिसची गोष्ट सांगितली. १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक माणूस आला, कितीतरी वर्षं फक्त "तां" एवढंच बोलणारा. त्याला समजायचं बरंचसं. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला, तर डावीकडे पुढच्या भागात इजा. १८७४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल वेर्निकेनं उलट्या तऱ्हेचे पेशंट लोकांपुढे मांडले : बोलतात घडाघडा, पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचंही नीट कळत नाही. त्यांची इजाही डावीकडेच, पण मागे. "तुमच्या अण्णांना कळतंय," मॅडम म्हणाल्या, "तर घरात त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका." आम्ही महिनाभर तेच करत होतो.

आता तक्रारी. अर्धांगाचे पेशंट येणारं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट आठवड्यातून एकदा हमखास बंद. जेलरोडहून रिक्षानं यायचं, द्वारका चौकातल्या गर्दीत अर्धा तास घालवायचा, आणि मग अण्णांना चाळीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत ते इतके दमायचे की पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं पाणी पिण्यात जायची. फी सातशे रुपये, पाण्याची दहा मिनिटं धरून. रिसेप्शनवरची मुलगी अण्णांशी मोठ्यानं बोलायची. अहो, कान शाबूत आहेत त्यांचे! (शेजारचे काकाही ओरडूनच बोलतात. ही लागण सगळीकडे आहे.)

दुसरी तक्रार चित्रांच्या कार्डांची. मी पहिली-दुसरीला शिकवते, कार्डं म्हणजे माझा रोजचा धंदा, त्यामुळे ही मला जरा जास्तच टोचली. पहिल्या चाचणीत अण्णांसमोर आली खांबावर बसवलेली परदेशी टपालपेटी, मग बर्फाचं घर, मग डोळे-नाक कोरलेला भोपळा. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता मलाच कुणीतरी तपासायला हवं. नाव सांगता आलं नाही म्हणून शून्य. ज्या माणसाकडे तो शब्द कधी नव्हताच, त्याचा तो हरवला की नाही हे कसं कळायचं?

त्या रविवारी मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून कार्डं केली. अडकित्ता, तांब्या, चिमटा, गाळणी, लाटणं, कुलूप, द्राक्षांचा घड, अण्णांची प्रेसला जायची सायकल. मॅडमना दाखवताना धाकधूक होती, पण त्यांनी पुढच्या वेळेपासून तीच वापरली. हल्ली दुसऱ्या पेशंटसमोरही आमचा अडकित्ता असतो. तारा कापताना हे मी लक्षात ठेवलंय.

या कार्डांनीच मला अण्णांच्या डोक्यात डोकावता आलं. अडकित्ता दाखवला की "कात्री" म्हणायचे. तांब्याला "वाटी". चुकायचे, पण त्याच आळीत. अडकित्त्याला "पाऊस" एकदाही म्हणाले नाहीत. म्हणजे शब्द आत कुठेतरी भांड्याशेजारी भांडं अशा मांडणीत ठेवलेले असणार, आणि अंधारात हात शेजारच्यावर पडतोय.

मग एक दिवस लक्षात आलं की शब्द आला नाही तरी त्याच्या आधीचं काहीतरी येतंय. गाळणी दाखवली : "ती... ती..." चिमटा : "तो... अरे तो..." मी घाईनं वहीत खुणा करायला लागले. मॅडमनी सावध केलं, "'ते' धरू नका, कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून माणूस 'ते' म्हणतो." बरोबरच होतं. मग फक्त तो आणि ती मोजले. शब्द अडलेल्या चौदा कार्डांपैकी बारांचं लिंग बरोबर! नाव सापडत नाही, पण ती गाळणी आहे आणि तो चिमटा आहे हे माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, इटलीत १९९७ मध्ये धडधाकट माणसांवरही हे करून पाहिलंय. शब्द जिभेवर असून येत नाही, तेव्हाही तो पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे लोकांना नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा सांगता आलं. यावरून तज्ज्ञ म्हणतात की शब्द एकदम बाहेर येत नाही. आधी अर्थ आणि व्याकरण हाताला लागतं, आवाज त्यानंतर. अण्णांची गाडी त्या दोन स्टेशनांच्या मधे उभी होती.

आवाज मिळवून द्यायला पहिलं अक्षर सांगायचं असतं. आणि इथेच तो च. मॅडम दक्षिणेकडच्या, हिंदी चांगलं, मराठी शिकतायत. समोर चमचा. अण्णा "तो... तो..." वर अडकलेले. मॅडमनी मदत केली, "च...", पण चहातला च. अण्णा लगेच म्हणाले, "चहा". पुन्हा "च...". पुन्हा "चहा", या वेळी चिडून. तिसऱ्यांदा "चला" आलं आणि त्यांनी मान खाली घातली. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी जीभ दातांना लावून चमच्यातला, चाकातला च काढला. नुसता आवाज, पुढे काही नाही.

"चमचा," अण्णा म्हणाले. अख्खा. मग स्वतःच दचकले.

लिहिताना आपण दोन्ही एकाच अक्षरात लिहितो. मी स्वतः एवढी वर्षं मुलांना "च चमच्याचा" शिकवतेय, चहाचा आणि चमच्याचा च वेगळा आहे हे फळ्यावर कधी वेगळं लिहिलं नाही. अण्णांच्या मेंदूत मात्र ते दोन वेगळे दरवाजे निघाले. मॅडमनी तिथल्या तिथे सासूबाईंकडून तो च गिरवून घेतला, ज आणि झ सुद्धा. आता त्यांच्या टेबलावर त्याची एक यादी चिकटवलेली आहे. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या दिवसापासून क्लिनिकला जाताना ठेवणीतली साडी नेसतात.

गाण्याविषयी बरेच जण विचारतात. हो, अण्णा गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत होते, आणि आरती संपल्यावर प्रसाद मागता येत नव्हता. चाली लावून बोलायला शिकवायची एक पद्धत बोस्टनमध्ये १९७३ साली पुढे आली. डाव्या हातानं ठेका धरायचा आणि "पा-णी-द्या" दोन सुरांत म्हणायचं, मग हळूहळू सूर काढून टाकायचा. आम्हाला तिचा थोडा उपयोग झाला, "पाणी द्या" आणि "बास झालं" या दोन वाक्यांपुरता. नुसत्या आरत्या म्हणून घेतल्यानं बोलणं सुटत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मला ते बरं वाटलं, कारण तोवर आम्हाला तीन जणांनी भजनी मंडळ सुचवलं होतं.

घरी करायच्या गोष्टींतली सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसणं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, मनात दहा आकडे मोजायचे. यांना हे अजून जमत नाही, पाचव्या आकड्याला बापाचा शब्द तोंडात कोंबतात. "किती नातवंडं?" विचारलं तर अण्णांना एकदम "तीन" म्हणता यायचं नाही. एक, दोन, तीन असं चढत जायचे आणि तिथे थांबून बोट वर करायचे. तेही उत्तरच आहे, मान्य करायचं.

एकदा मी शंभराची नोट पुढे ठेवली. रक्कम सांगता येईना. त्यांनी नोट उलटी केली, पंधरा भाषांच्या त्या पट्टीवर नख टेकवलं, वरून मोजत आठव्या ओळीवर आले आणि वाचलं, "शंभर रुपये". आठवी ओळ मराठीची असते. नोटा मी रोज हाताळते, पण मला हे माहीत नव्हतं.

जाणार असाल तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते आधी विचारा. विचारायला लाजू नका, इथे तर भिंतीवरच लावलंय. सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी पेशंट आणि द्वारका दोन्ही थकलेले असतात. घरच्या वस्तूंची कार्डं बरोबर न्या. आणि खाली वॉचमनला फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारूनच निघा.

आठ महिन्यांनी अण्णा फाडफाड बोलतात असं नाही. साधारण साठ-सत्तर शब्द वेळेवर येतात, बाकीच्यांसाठी थांबावं लागतं. 'बॅग' अजून येत नाही, कार्ड दाखवलं की नुसते खांदे उडवतात. गेल्या मंगळवारी बैठक संपली, आम्ही निघालो, मॅडमही घरी निघाल्या होत्या. टेबलाखाली वाकून त्या म्हणाल्या, "अरे, माझा बॅग कुठे गेला?"

अण्णा दारातून मागे वळले आणि काठी आपटून म्हणाले, "माझी!"