शिमानो एमटी२०० : ‘कधी लागतो, कधी लागत नाही’ या तक्रारीसकट

मधल्या किमतीच्या एमटीबीवर (डोंगरवाटांच्या सायकलवर) मुळातच लागून येणाऱ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये शिमानोचा एमटी२०० सर्रास दिसतो. दोन पिस्टनचा कॅलिपर (चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग), मिनरल ऑइल, रेझिन पॅड. वरच्या श्रेणीतली सर्व्हो वेव्ह (लिव्हर ओढताच पॅड झटकन डिस्कपाशी आणणारी यंत्रणा) यात नाही, त्यामुळे सुरुवातीचा झटका कमी; पण लिव्हर जेवढा ओढाल तेवढी पकड वाढत जाते, आणि ओल्या वाटेवर चाक लॉक होऊ द्यायचं नसेल तर तेच बरं पडतं. लिव्हर हँडलपासून किती लांब असावा हे एका छोट्या स्क्रूने बदलतं. बाकी काही ॲडजस्ट करायला ठेवलेलंच नाही.

एवढा साधा ब्रेक, तरी ‘भरवशाचा नाही’ हा शिक्का त्याच्यावर बसलेला आहे. बहुतेक वेळा दोष ब्रेकचा नसतो. भोवतालच्या सुट्या भागांचा असतो, नाहीतर कुणीतरी केलेल्या अर्धवट ब्लीडचा, म्हणजे पाइपातली हवा काढून तेल भरण्याचा. म्हणून सिरिंज काढण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा सावकाश दाबून बघा.

पहिल्यांदा दाबल्यावर लिव्हर लांब जातो, दुसऱ्यांदा जागेवर येतो आणि येतो तेव्हा टणक लागतो, असं असेल तर तेलात हवा नाही. डिस्क वाकडी आहे किंवा चाकाच्या हबमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे. डिस्क डुलली की दर फेऱ्याला पॅड आत ढकलते, पॅडबरोबर पिस्टनही मागे जातात, आणि पुढच्या वेळी तेवढं अंतर लिव्हरला आधी भरून काढावं लागतं. खडबडीत उतारानंतर ब्रेक अचानक खोल जातो तो यामुळेच. रिम वरच्या बाजूला धरून आडवी हलवा. कटकट जाणवली तर आधी हबमधले कोन (बेअरिंग दाबून धरणारे शंकूसारखे नट) किंवा बेअरिंग बघा. मग डिस्क कशी बसली आहे ते बघा. सहा बोल्टची डिस्क असेल तर टी२५ चे बोल्ट २ ते ४ न्यूटन-मीटरने, सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने बसणारी) असेल तर रिंग ४० न्यूटन-मीटरने. सेंटरलॉकची रिंग ‘हाताने घट्ट वाटते’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून चाक फिरवलं की डिस्क कुठे पॅडला चिकटते ते स्पष्ट दिसतं. तेवढा भाग स्वच्छ कापडात धरून थोडाथोडा वाकवायचा. एकदम जोर लावला तर दुसरीकडे वाकडी होते.

लिव्हर स्पंजसारखा दबतो, भराभर चार वेळा पंप केला की वर येतो आणि थोडं थांबलं की पुन्हा खाली जातो, ही मात्र हवा. यात एक आपल्याकडची खास गोष्ट आहे. पंक्चर काढायला सायकल उलटी करायची सवय सगळ्यांनाच. एमटी२०० च्या लिव्हरमधल्या टाकीत थोडी हवा असतेच. सायकल उलटी झाली की ती मुख्य सिलिंडरकडे सरकते, आणि उलटी असतानाच कुणी लिव्हर दाबला तर पाइपात शिरते. अशा वेळी लगेच ब्लीड करायची गरज नाही. सायकल सरळ उभी करा, लिव्हर टाकीपाशी सगळ्यात उंच राहील असा फिरवा, हलके हलके टिचक्यांसारखे वीस-तीस वेळा दाबा, मग रबर बँडने लिव्हर दाबून बांधून रात्रभर ठेवा. पुष्कळदा सकाळी ब्रेक ठिकाणावर असतो.

तिसरा प्रकार फसवा. लिव्हर टणक, पकड शून्य, वर किंचाळणं. म्हणजे पॅडला तेल लागलंय, नाहीतर लांब उतारावर सतत धरून ठेवल्यामुळे पॅड काचेसारखं चकचकीत झालंय. चेनवर मारलेला स्प्रे मागच्या डिस्कवर उडतो, हे याचं नेहमीचं कारण. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चकचकीत झालेलं पॅड सँडपेपरवर घासून वाचतं, तेल प्यायलेलं वाचत नाही, बदलाच. नव्या पॅडना साधारण २० किमीच्या वेगावरून चाक लॉक न करता वीसेक वेळा दमदार ब्रेक लावून बसवावं लागतं. ही पायरी गाळली की ‘नवीन पॅडही बेकार’ हे ऐकू येतं.

चौथा: एक पिस्टन पुढे येतो, दुसरा आळशी. डिस्क एका बाजूला वाकत जाते आणि पकड अर्धी राहते. चाक आणि पॅड काढा, पिस्टन २-३ मिलिमीटर बाहेर येतील एवढाच लिव्हर दाबा, त्यांची कड कापसाच्या काडीवर मिनरल ऑइल घेऊन पुसा, टायर लिव्हरने आत ढकला. चालणारा पिस्टन अडवून धरायचा आणि आळशाला चार-पाच फेऱ्या मारायला लावायच्या. डब्ल्यूडी-४० इथे नको.

लिव्हर धरून ठेवला आणि तो आपोआप हँडलकडे सरकत राहिला, तर सील गळतंय. कॅलिपर ओला दिसला तर कॅलिपर, नाहीतर लिव्हर. शिमानो पिस्टनची सीलं सुटी विकत नाही, तेव्हा अख्खा भाग बदलायचा. एमटी२०० स्वस्त असल्याचा फायदा इथे कळतो.

आता ब्लीड. दोन्ही ब्रेकना १०० मिलीची बाटली पुरते. तेल शिमानोचंच मिनरल, गुलाबीसर दिसणारं. डॉट ऑइल (गाड्यांच्या ब्रेकचं तेल) चुकूनही नको. या ब्रेकची सीलं त्यात फुगतात. लागतं काय, तर लिव्हरवर बसणारं फनेल, सिरिंज, नळी, कॅलिपरमध्ये पॅडच्या जागी बसणारा पिवळा ब्लॉक आणि निपलच्या (कॅलिपरवरच्या तेलाच्या तोटीच्या) मापाचा रिंग पाना. पॅड काढून पिस्टन पूर्ण आत ढकला, ब्लॉक घाला, लिव्हर जमिनीला समांतर करा आणि २.५ मिमीच्या ॲलन कीने वरचा स्क्रू काढा. त्याची ओ-रिंग हरवू नका. फनेल लावा, निपल एक अष्टमांश फेरा उघडा आणि सिरिंजने खालून तेल सावकाश वर ढकला. फनेलमधले बुडबुडे थांबले की निपल बंद. मग नळीचं दुसरं टोक पिशवीत सोडून लिव्हर दाबून धरा, निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडून बंद करा, दोन-तीन वेळा. निपल ४ ते ६ न्यूटन-मीटरला घट्ट. पुढच्या भागात घाई होते: लिव्हर एकदा ३० अंश वर, एकदा ३० अंश खाली झुकवून प्रत्येक वेळी दाबायचा, कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत पाइपाला पान्याच्या मुठीने टिचक्या मारत यायचं. शेवटचा बुडबुडा नेहमी लिव्हरच्या वळणात लपलेला असतो, आणि ‘दर आठवड्याला ब्लीड करावं लागतं’ म्हणणाऱ्यांचा बहुधा तोच राहिलेला असतो.

ब्लॉकशिवाय, झिजलेल्या पॅडवर तेल भरलं तर तेव्हा ब्रेक उत्तम लागतो. नवीन पॅड घालायला गेलात की पिस्टन मागे जायला जागाच नसते, चाक फिरत नाही. त्यावर उपाय वरचा स्क्रू उघडून जादा तेल काढणं. पॅड घासून पातळ करणं नव्हे, जे लोक खरंच करतात.

पाइप कापून छोटा केला असेल तर ऑलिव्ह (पाइपाच्या टोकावर दबून बसणारी धातूची कडी) आणि आतली पिन दर वेळी नवी, ८ च्या पान्याने ५ ते ७ न्यूटन-मीटर. कॅलिपर मधोमध आणायला ५ मिमीचे दोन्ही बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, आळीपाळीने ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

खरी उणीव म्हणाल तर पॅडची. रेझिन पॅड शांत चालतात, पण पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलात भराभर झिजतात. पॅडवरचा घासणारा मसाला ०.५ मिमी राहिला की बदलायचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते बघायला दर रविवारी टॉर्च लागतो. सोबत येणाऱ्या स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ लिहिलेलं असतं, म्हणून बाजारातले सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घातले तर डिस्क खाल्ली जाते. डिस्क १.८ मिमीची असते, १.५ ला आली की बाद. सिंहगडासारख्या लांब, तीव्र घाटातून दर आठवड्याला उतरणाऱ्याने पुढे १८० मिमीची डिस्क आणि ॲडॉप्टर बसवावा. एवढं करूनही उतारावर हात दुखत असतील, तर मग चार पिस्टनचा ब्रेक घ्यायची वेळ आली आहे.