ॲपमध्ये दिसलेली खोली आणि गेलेले 4,590 डॉलर

ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधील एका खोलीसाठी मी 4,590 डॉलर मोजले आणि त्या खोलीत आम्ही एक रात्रही राहिलो नाही. रक्कम मुद्दाम पूर्ण लिहितो आहे, कारण गेले काही महिने घराबाहेर ज्याने ज्याने विचारले त्याला मी ‘थोडेफार गेले’ एवढेच सांगत आलो. रुपयांत हे चार लाखांच्या घरात जातात, आणि ‘थोडेफार’ या शब्दात चार लाख बसत नाहीत.

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या जागेत दरवर्षी काही दिवस राहण्याचा विकत घेतलेला हक्क. त्यातील फसवणूक म्हटली की मोफत जेवणाच्या आमिषाने तीन तास बसवून ठेवणारे सादरीकरण डोळ्यांसमोर येते. त्या वाटेला मी कधी गेलो नाही. मी टाइमशेअर विकत घेतले नव्हते. दुसऱ्याच्या टाइमशेअरचे पॉइंट एका सहलीपुरते भाड्याने घेतले होते, आणि यात मुळात काही गैर नाही. डिस्नेचा टाइमशेअर, म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लब, 1991 पासून चालू आहे, सदस्यांना दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, त्यांवर खोल्या आरक्षित करता येतात, आणि स्वतःला जायचे नसेल त्या वर्षी अनेक सदस्य ते भाड्याने देतात. धंदा म्हणून ते करायला क्लबची बंदी आहे, अधूनमधून वैयक्तिक पातळीवर करायला नाही. आमच्या ओळखीची दोन कुटुंबे याच मार्गाने जाऊन, राहून, आनंदाने परत आली होती. हे इतके सांगतो ते एवढ्यासाठी, की ‘एवढा स्वस्त सौदा तुला खरा कसा वाटला’ असे प्रत्येकाने विचारले, आणि त्याचे उत्तर असे आहे की सौदा एवढा स्वस्त नव्हताच. मध्यस्थ कंपन्या तेव्हा पॉइंटमागे 20 डॉलरच्या वर मागत होत्या, मला पॉइंट देणारा मनुष्य 17 मागत होता. त्याने 7 मागितले असते तर मीही दहा हात लांब राहिलो असतो. लबाड माणूस मुरलेला असला की भाव बाजाराच्या जवळच ठेवतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ‘जर्सी वीक’ समजावून सांगायला नको. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांचे अधिवेशन असते, शाळा बंद असतात आणि अर्धे राज्य ऑरलँडोला लोटते. 2025 च्या दिवाळीसाठी आई-बाबा सांगलीहून येणार होते, त्यामुळे 4 ते 9 नोव्हेंबर अशा पाच रात्री ठरवल्या. आम्ही सहाजण. बाबा 74 वर्षांचे, त्यांना झोपाळ्यांचे आणि उंदराचे फारसे कौतुक नव्हते, पण ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये सज्जात उभे राहिले की खाली जिराफ चरताना दिसतात, हे ऐकल्यावर त्यांनी फोनवर दोनदा विचारले, “खरे जिराफ का?” सज्जातून माळरान दिसेल अशी दोन शयनगृहांची खोली या दिवसांत मिळणे अवघड असते. ज्याचे ‘होम रिसॉर्ट’, म्हणजे मालकी असलेले ठिकाण, तेच आहे त्या सदस्याला 11 महिने आधी आरक्षण करता येते, बाकीच्या सदस्यांना 7 महिने आधी. म्हणून तिथलाच सदस्य हवा होता, आणि मार्चमध्ये तो भेटला.

पहिल्या फोनवर तो पाऊण तास बोलला. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्याला तिथे जाववत नाही, पॉइंट फुकट जातात, कोणाच्या तरी आई-वडिलांना उपयोग झाला तर बरे वाटेल, असे तो म्हणाला. त्याने करारनामा पाठवला, व्हिडिओवर ओळखपत्र दाखवले, आणि 14 मार्चला माझ्या नावाने आरक्षण करून क्रमांकही कळवला. तो क्रमांक मी डिस्नेच्या ॲपमध्ये घातला आणि क्षणात खोली समोर आली: किदानी व्हिलेज, दोन शयनगृहे, पाच रात्री, माझे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे. त्यानंतरच मी 1,500 डॉलर पाठवले.

नंतरची सगळी फसगत या एका समजावर उभी आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. ॲपमध्ये दिसणारे आरक्षण खरे असते. ते आपले मात्र नसते. आपण फक्त पाहुणे असतो, आणि ज्याच्या पॉइंटांवर आरक्षण झाले तो सदस्य ते कधीही, आपल्याला न विचारता, रद्द करू शकतो. क्लबचा करार सदस्याशी असतो, पाहुण्याशी नसतो, त्यामुळे फोन केला तरी चौकशी सदस्यानेच करायची असते. माझे रोजचे काम सॉफ्टवेअरच्या चाचणीचे आहे. पडद्यावर काय दिसते आणि आत काय आहे यातला फरक शोधण्याचा मला पगार मिळतो.

उरलेले 3,090 डॉलर आठवड्याभरात द्यायचे होते. पेपॅलवरून, वस्तू-सेवेचा व्यवहार म्हणून, क्रेडिट कार्डाने देतो असे मीच सुचवले होते, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यावर त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितले की चालेल, पण पूर्ण रकमेवर तीन टक्क्यांच्या आसपास कापले जाते, ते 137 डॉलर तुम्हाला भरावे लागतील. झेलने, म्हणजे बँकेतून थेट बँकेत, पाठवलेत तर काहीच नाही. 137 डॉलर वाचावेत म्हणून मी झेल निवडले. (नाव मराठीत ऐकले असते तरी चेंडू कोणाच्या हातात जाणार हे कळायला हवे होते.)

शनिवार होता, 22 मार्च. पाडवा आठवड्यावर आला होता आणि बायको ओट्याशी उभी राहून चक्क्याचे फडके पिळत होती. मी टेबलाशी बसून रक्कम घातली, आणि पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव आले ते एका बाईचे. पहिले 1,500 पाठवताना खाते दुसरे होते. मी त्याला संदेश केला, त्याचे उत्तर मिनिटभरात आले: खाते माझ्या पत्नीच्या नावावर आहे. मी ते मोठ्याने वाचले. बायको फडके तसेच धरून वळली आणि म्हणाली, “ती तर दोन वर्षांपूर्वी गेली ना?”

या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते आठवले की आजही जीव कानकोंडा होतो. मी म्हणालो की जुने जोडखाते असेल, माणसे अशी खाती भावनेपोटी बंद करत नाहीत, आणि प्रत्येक गोष्टीत संशय घ्यायची तुला सवयच आहे. हे शेवटचे वाक्य तर पूर्णपणे अनावश्यक होते. खाली बँकेची पिवळ्या चौकटीतली सूचनाही होती: ओळखीच्या व्यक्तीलाच पैसे पाठवा. पाऊण तास बोललेल्या माणसाला मी ओळखीचा धरला. माझ्या बँकेची एका दिवसाची मर्यादा 2,000 डॉलर, त्यामुळे त्या दिवशी 2,000 गेले आणि 1,090 दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे विचार करायला मला अख्खी रात्र मिळाली होती आणि मी ती झोपून काढली. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि करारावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसे पाठवू नका. कारण कितीही हृदयद्रावक असो.

सप्टेंबरपर्यंत सगळे सुरळीत दिसत होते. 60 दिवस आधी उपाहारगृहांची आरक्षणे खुली होतात, तेव्हा त्याच इमारतीतल्या ‘सना’ मध्ये सहाजणांचे टेबल मी मिळवले. तिथे नान आणि चटण्या मिळतात, आईचे जमेल असा हिशेब. 11 ऑक्टोबरला सहज ॲप उघडले तर टेबल होते आणि खोली नव्हती. संदेश पाठवला, तर तांत्रिक बिघाड आहे, क्रमांक काढून पुन्हा घाला, असे उत्तर आले. घातला, काही सापडले नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पुढे कळले की आरक्षण 2 ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, रद्द झाले होते. तारीख यादृच्छिक नाही. आगमनाला 30 किंवा कमी दिवस राहिल्यावर सदस्याने आरक्षण रद्द केले तर त्याचे पॉइंट ‘होल्डिंग’ मध्ये अडकतात आणि फक्त पुढच्या 60 दिवसांतल्या आरक्षणाला वापरता येतात. त्याआधी रद्द केले तर पॉइंट जसेच्या तसे परत. आमचे 33 दिवस आधी रद्द झाले. 270 च्या 270 पॉइंट मोकळे, पुन्हा भाड्याने द्यायला तयार. ज्यांनी कोणाला असे पैसे दिले आहेत त्यांनी महिना-दीड महिना आधीपासून रोज आरक्षण तपासावे. मी जिराफांची चित्रफीत बाबांना दाखवण्यात दंग होतो.

बाबा तलाठी म्हणून निवृत्त झाले. त्यांना सांगणे आठ दिवस टाळले, सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त एवढेच विचारले, “सातबारा पाहिला होतास का?” मला हसू आले, आणि मग लक्षात आले की सातबारा आहे. या क्लबची मालकी कायद्याने स्थावर मालमत्ता असते आणि डिस्ने वर्ल्डमधील अशा मालमत्तांचे दस्त तिथल्या ऑरेंज काउंटीच्या जाहीर नोंदींत नावाने, घरबसल्या, फुकट पाहता येतात. मी पाहिले, ते सात महिने उशिरा. करारावरचे नाव तिथे होते. ज्या बाईच्या खात्यात 3,090 गेले तिचे नाव कुठेच नव्हते. फोनवरचा मनुष्य तोच मालक होता, की मालकाचे खाते आणि कागद हाती लागलेला कोणी तिसराच, हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि ते शोधून काढणे ज्यांचे काम आहे त्यांना त्यात रस नाही.

त्यांच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. बँकेने 47 मिनिटे संगीत ऐकवून तक्रार घेतली, दहा कामकाजी दिवस मागितले आणि तीन ओळींचे पत्र पाठवले: व्यवहार तुम्ही स्वतः, तुमच्याच फोनवरचा संकेतांक घालून केला आहे. कायद्याची भाषा त्यांच्या बाजूने आहे, कारण 1978 चा इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरणाचा कायदा परस्पर, आपल्या संमतीविना पैसे काढले गेले तर संरक्षण देतो. फसून का होईना, स्वतःच्या हाताने पाठवले तर नाही. कार्डाने दिले असते तर रकमेवर वाद घालता आला असता. 137 डॉलर. मी फेरविचाराचा अर्ज केला, तर तेच पत्र नव्या तारखेने आले. स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

पोलीस ठाण्यातल्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याने ‘टाइमशेअर’ हा शब्द ऐकला आणि सहानुभूतीने सांगितले की त्यातून बाहेर पडायला वकील मिळतात. मी टाइमशेअर घेतलेलेच नाही हे समजावण्यात वीस मिनिटे गेली, आणि समजल्यावर त्याने विचारले की गुन्हा घडला कुठे? माझ्या स्वयंपाकघरात, असे म्हणावेसे वाटले. हा दिवाणी वाद आहे, समोरचा राहतो तिथल्या पोलिसांकडे जा, असे त्याने सांगितले. तिथल्या पोलिसांनी फोनवर सांगितले की तक्रारदार राहतो तिथे नोंद करा. दोघेही नम्र होते, आणि ही टोलवाटोलवी पाच आठवडे चालली. राज्याच्या ग्राहक कार्यालयाच्या अर्जावर टाइमशेअरचा रकाना होता, पण त्यात ‘विकत घेतल्याची तारीख’ भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नव्हते. शेवटी मी ‘इतर’ मध्ये भरला, तर अर्ज चुकीच्या वर्गात आहे म्हणून परत आला. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर सगळे पुरावे चढवले; पोच आली, त्यापुढे काही नाही. न्यू जर्सीच्या लघुदावा न्यायालयाची मर्यादा 5,000 डॉलर आहे, माझी रक्कम त्यात नेमकी बसते, पण दुसऱ्या राज्यातल्या, खरे नावही ठाऊक नसलेल्या माणसावर समन्स बजावायचे कोणी? करदाते म्हणून आपण ही चार-चार कार्यालये पोसतो आणि प्रत्येक जण आपल्याला शेजारच्या दाराचा पत्ता देतो.

विमानाची तिकिटे 1,284 डॉलरची काढून झाली होती, म्हणून आम्ही गेलोच. ऑरलँडोजवळच्या किसिमीत महामार्गालगतच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या, पाच रात्रींचे 1,146 डॉलर. ‘सना’ मधले टेबल मात्र शाबूत होते. खोली रद्द झाली तरी टेबल आपोआप रद्द होत नाही. खिडकीबाहेर जिराफ आला तेव्हा बाबा उठून काचेशी गेले आणि नान निवेपर्यंत तिथेच उभे राहिले. आईने हळूच मला विचारले की वरच्या खोल्यांतून असेच दिसते का. मी जेवणाचे बिल मागवले.

अजून एक गोष्ट, कारण ती अनेकांवर येईल. मध्यस्थ कंपनी पॉइंटमागे चार-पाच डॉलर जास्त घेते तेव्हा जीवावर येते, पण त्यांतल्या काही मालकाच्या वाट्याची थोडी रक्कम पाहुणा खोलीत पोहोचेपर्यंत अडकवून ठेवतात, आणि नेमकी तीच अट आपण विकत घेत असतो. ती अट करारात लिहिलेली नसेल तर मध्यस्थही नको.

गेल्या आठवड्यात एका ‘वसुली सल्लागारा’चा फोन आला. मी न सांगताच तो म्हणाला की तुमचे 4,590 डॉलर आम्हाला सापडले आहेत, 10 टक्के शुल्क, म्हणजे 459, आधी झेलने पाठवले की तीन दिवसांत पैसे जमा होतील. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या आकड्याचाच विचार करत राहिलो. तोवर ती रक्कम मी बँकेच्या अर्जावर, पोलिसांच्या कागदावर आणि सरकारी रकान्यांतच लिहिली होती. त्याखेरीज ती अचूक माहीत असणारा माणूस एकच.