वॉशिंग मशीनची चाकवाली ट्रॉली: ऑनलाइनवाली फेकली, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली

आमच्या ड्राय बाल्कनीत नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं जाळीचं तोंड) नेमका वॉशिंग मशीनच्या खाली येतो, बिल्डरला देव सद्बुद्धी देवो. तुंबला की ७ किलोची फ्रंट लोड ओढायची, आणि ते ७ किलो कपड्यांचे हां, मशीन स्वतः ६५ च्या आसपास भरते कारण ड्रम नाचू नये म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बाबा, आणि दारात उभं राहून आई, "अरे टाइल जाईल, टाइल!"

म्हणून आधी ऑनलाइन तो कमी-जास्त होणारा स्टँड घेतला, प्लॅस्टिकचे कोपरे आणि मधे पातळ पाइप, ९५० रुपये. पेजवर ३०० किलो झेपतं असं लिहिलेलं, झेपतही असेल गप उभं असलेलं वजन, पण १२०० आरपीएमचं स्पिन लागलं की ब्रेक लावूनसुद्धा मशीन फिरायला निघायची. तिसऱ्या आठवड्यात एक कोपरा तडकला आणि रिटर्नची मुदत आदल्याच दिवशी संपलेली, अर्थात.

मग पुण्यातच धायरीत ग्रिल-गेट करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा. ३५ एमएमचा, ५ एमएम जाडीचा एमएस अँगल (साध्या लोखंडाची एल आकाराची पट्टी), चौकोनी फ्रेम, मधे दोन पट्ट्या. अँगलची एक बाजू खाली आडवी, दुसरी उभी, त्यामुळे मशीनचे पाय आतच अडकून बसतात. चाकं मी बोहरी आळीतून आणली, ३ इंची पीयूची (रबरासारखं मऊसर प्लॅस्टिक), नायलॉनची स्वस्त असतात पण टाइलवर खडखड करतात. दुकानातले काका म्हणाले वजनाला चारने नको, तीनने भाग, फरशीला उतार असतो आणि एक चाक जवळजवळ हवेतच राहतं. मशीन, पाणी, ओले कपडे मिळून ९० किलो धरले, म्हणजे चाकाला ३०, वर स्पिनचे धक्के, म्हणून ८० किलोवाली घेतली.

पण खरी कमाल बोल्टांची आणि ती आयडिया माझी नाही. माझं कागदावरचं ड्रॉइंग बघून वेल्डिंगवाला म्हणाला, "दादा, चाकांवरच ठेवून कपडे धुणार का?" चारही कोपऱ्यांना बाहेरून कानासारखे नट वेल्ड केले, त्यात १२ एमएमचे लांब बोल्ट, डोकं खाली आणि त्याखाली रबर. मशीन जागेवर नेली की पान्याने बोल्ट खाली उतरवायचे, चाकाखालून कागद सरकला की बास, सगळं वजन बोल्टांवर. ट्रॅपकडच्या उताराचं पण त्यातच भागलं, मोबाईलवर लेव्हल बघून उताराकडचे दोन बोल्ट जास्त उतरवले. आता स्पिनला वरचा पावडरचा डबा जागचा हलत नाही.

तक्रारी आहेतच. ४ दिवस सांगून ११ लावले, फोन केला की "आज प्राइमर मारतोय", आणि तो प्राइमर मारला फक्त वरून, खालून लोखंड कोरं, ड्राय बाल्कनीत ते गंजणार नाही तर काय. मी रेड ऑक्साइडचा (गंजरोधक प्राइमर) छोटा डबा आणून खालून दोन हात मारले. चाकांना साधे नट लावलेले, थरथरीने ढिले पडतात, ते काढून नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) टाकले. एका कोपऱ्याचं ग्राइंडिंग राहिलेलं, त्यात आईचा नवा गाऊन अडकून फाटला.

फ्रेमचे १८००, चाकांचे ७६०. आणि हो, कोणी करणार असाल तर पाण्याचा पाइप लांब घ्या, कंपनीचा आखूड पडतो, मी ३ मीटरचा लावला.

परवा ट्रॅप तुंबला तर बाबांनी गॅसवर चहा ठेवून एकट्यानेच मशीन बाहेर काढली, मागे चौदा चिमटे आणि माझा एक मोजा निघाला. पाचपैकी साडेतीन स्टार, मी चार देत होतो पण आईने गाऊनचा अर्धा कापायला लावला.