बाळ सगळ्यांना दाखवायचं, पण कधी आणि कुठे? बारावा दिवस, दीड-दोन महिने की हॉल

बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी पोचत नाहीत तोच फोन सुरू होतात : "बारसं केव्हा?" अमरावतीची मावशी, भंडाऱ्याचे काका, सोसायटीतले शेजारी, ऑफिसची मंडळी, सगळ्यांनाच बाळ बघायचं असतं. नागपुरात यासाठी साधारण तीन वाटा निवडल्या जातात. बाराव्या दिवशी सगळ्यांना बोलावून बारसं करायचं. किंवा बाराव्या दिवशी घरच्या घरी नाव ठेवून दीड-दोन महिन्यांनी चहा-फराळाचा साधा कार्यक्रम करायचा. किंवा तीन महिन्यांनंतर हॉल नाहीतर लॉन घेऊन जेवण द्यायचं. आमचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, पण ती प्रत्येक घराला जमेलच असं नाही.

बारावा दिवस

सोयर संपलेली असते, आजी-आजोबा तिथेच असतात, आत्या आलेली असते. पाळणा म्हणायला, कानात कुर्रर्र करायला आणि घुगऱ्या वाटायला हा दिवस योग्यच आहे. अडचण गर्दीची आहे. तोवर बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी एवढंच मिळालेलं असतं. पहिल्या 28 दिवसांत साधा संसर्गही झपाट्याने वाढतो, ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. आईचे टाके ओले असतात, दूध नुकतं जमू लागलेलं असतं. सिझेरियन झालेल्या बाईला पाटावर बसवून तासभर ओटी भरून घ्यायला लावणं चुकीचं आहे, तिला हाताची खुर्ची द्या. या दिवशी दहा-बारा माणसं पुरेत आणि तासाभरात आटपा.

दीड-दोन महिने

सहा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, रोटा, पोलिओ आणि न्यूमोकोकलचा पहिला डोस होतो. त्यानंतर एक-दोन दिवस ताप आणि किरकिर असू शकते, म्हणून लसीनंतरचा लगेचचा रविवार सोडून पुढचा धरा. पहिल्या डोसाने बाळ सुरक्षित झालं असं मात्र समजू नका. डांग्या खोकल्यासाठी तिन्ही डोस लागतात. खोकला-सर्दी असलेल्यांनी त्या दिवशी येऊ नये हे निमंत्रणातच लिहा. मुके घेऊ नका, हेही लिहा. आपल्याकडे असं सांगायला संकोच वाटतो, पण मोठ्यांच्या ओठांवर पुटकुळ्या (जर) आणणारा विषाणू एवढ्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

वेळ निवडताना बहुतेक जण संध्याकाळ धरतात आणि तिथेच फसतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं सर्वांत जास्त असतं आणि ते बहुधा संध्याकाळी वाढतं. सकाळी 10 ते 1 ही वेळ बरी. उन्हाळ्यात 9 ते 11.30. बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागणार, म्हणजे कार्यक्रमात किमान एकदा आई आत जाणार. त्यासाठी कडी लागेल अशी एक खोली रिकामी ठेवा. तिथे पाहुण्यांच्या पर्सेस आणि आहेर टाकू नका, नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार वाजवतं.

चाळीस माणसं असतील तर निमंत्रणात प्रत्येक गटाला वेगळा तास द्या. शेजारी पहिल्या तासाला, ऑफिसचे दुसऱ्या, बाहेरगावचे शेवटच्या, कारण ते जास्त वेळ थांबतात. मग बिछायत केंद्रातून पंधरा-सोळा खुर्च्या पुरतात. ही योजना बिघडते ती एकाच कारणाने : "साडेअकराला औक्षण" असं कुणीतरी कळवतं आणि सगळे साडेअकरालाच येतात. म्हणून ठरावीक वेळेचं काहीही ठेवू नका. औक्षण, केक जे काही असेल ते पाहुणे यायच्या आधी घरच्यांत उरका.

हॉल किंवा लॉन

घर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर असेल, बाथरूम एकच असेल किंवा यादी ऐंशीच्या वर गेली असेल, तर हॉलच घ्या. तिथे ओढाताण कमी होते. बुकिंग करताना स्टेज नंतर बघा, आधी वधूपक्षाची खोली बघा : आतून कडी लागते का, एसी चालतो का, बेसिनला पाणी येतं का, जनरेटर भिंतीला लागून तर नाही ना. डीजे नको हे मालकाला आधीच सांगा. लॉन आम्ही तान्ह्या बाळासाठी सुचवत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, जुलैत पाऊस, ऑक्टोबरपर्यंत डास, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कधीकधी 10 अंशांच्या खाली. उरतात नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, तेही दिवसाउजेडी.

खोली, पाळणा, खाणं

नागपुरी घरात कूलर असतोच. त्याला हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते. माणसं वाढली की आवाज नको म्हणून दारं-खिडक्या लावतात, खोली दमट होते आणि बाळ घामाघूम होऊन रडतं. समोरची खिडकी उघडी ठेवा, झोत थेट बाळावर येऊ देऊ नका. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी. एसी असेल तर 26 वर ठेवा. धूप-लोबान त्या खोलीत नको.

भाड्याचा सजवलेला पाळणा आणलात तर आधी त्याची अडकवण्याची पिन तपासा. ती बरेचदा नसते आणि मुलं जोरात झोके देतात. आतली जाड मऊ गादी आणि साटीनची चादर काढून घट्ट खोचलेलं सुती दुपटं घाला. नाव ठेवून फोटो झाले की मण्यांच्या माळा, लोड, झेंडू, सगळं बाहेर. बाळाला झोपवायचं ते मोकळ्या, सपाट गादीवर.

चाळीस जणांना तर्री पोहे करायचे तर जाड पोहे अडीच किलो, तर्रीसाठी काळे चणे एक किलो, आदल्या सकाळी भिजत घातलेले. पोहे एकदम भिजवले की गोळा होतो. चाळणीत धुऊन अर्धा-अर्धा किलोच्या घाण्याने करा, म्हणजे प्रत्येक तासाच्या पाहुण्यांना ताजे मिळतील. तर्री आदल्या रात्री करून ठेवा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका, कारण फ्लॅटमध्ये मिरचीच्या फोडणीचा ठसका सरळ बाळाच्या खोलीत जातो. संत्रा बर्फी दीड ते दोन किलो. चहाला दोन लिटर दूध, दीड लिटर पाणी. जेवणच द्यायचं असेल तर ते बाहेरून मागवा. घरची बाई ओट्याशी अडकली की बाळाकडे बघायला कुणी उरत नाही.

मधाचं बोट किंवा घुटी कुणालाही देऊ देऊ नका. वर्षाच्या आत मध चाटवल्याने बॉट्युलिझम होऊ शकतो. हे सांगायचं काम बाळाच्या बापाने करावं, सुनेवर टाकू नये. दारातच साबण आणि स्वच्छ नॅपकिन ठेवा, वीस सेकंद हात धुऊन, बसून, मगच बाळ मांडीवर. उभ्या-उभ्या हातोहात नाही.

शेवटचा फरक पैशांचा आहे. आदल्या दिवशी बाळाला सर्दी झाली किंवा आईला ताप आला, तर घरचा कार्यक्रम एका मेसेजवर पुढे ढकलता येतो, पोहे डब्यात तसेच राहतात. हॉलला ॲडव्हान्स आणि ठरलेल्या ताटांचे पैसे अडकतात, आणि ते अडकले म्हणून आजारी बाळ घेऊन लोक हॉलवर जातात. तारीख बदलायची मुभा किती दिवस आधीपर्यंत आहे, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.