रिलेवर ओपनडीकिम: काही महिने चालवल्यानंतर

आमच्याकडे मेल पाठवणारी यंत्रं बरीच आहेत: वेब सर्व्हर, बिलिंग सॉफ्टवेअर, स्कॅनर. सगळ्यांची मेल पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या एकाच रिलेमधून, म्हणजे मेल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्रामधून, बाहेर पडते. म्हणून डीकिमची सहीही (मेल खरंच त्या डोमेनची आहे आणि वाटेत बदललेली नाही हे दाखवणारी डिजिटल सही) तिथेच, ओपनडीकिम या प्रोग्रामने करतो. जागा हीच योग्य, हे आता खात्रीने सांगतो. सहीमध्ये मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. सही झाल्यावर कुणी मेलखाली एक ओळ जरी जोडली तरी ती तपासणीत नापास होते. म्हणून कंपनीची कायदेशीर सूचना आधी जोडायची आणि सही अगदी शेवटी.

रिलेवाल्यांनी सर्वात आधी ओपनडीकिमच्या सेटिंगमधली इंटर्नलहोस्ट्स ही यादी बघावी; कोणत्या यंत्रांच्या मेलवर सही करायची ते तिच्यावरून ठरतं. ती भरली नाही तर ओपनडीकिम फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःच्याच यंत्राला, घरचं मानतं. बाकीच्या यंत्रांकडून आलेली मेल तपासली जाते, पण सही न होताच पुढे जाते. मेल पोहोचत राहते, त्यामुळे बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं म्हणजे, कोणती किल्ली वापरायची ते 'फ्रॉम'मधल्या पत्त्यावरून ठरतं. स्कॅनरने तिथे भलताच डोमेन टाकला असेल तर सही होणार नाही.

किल्ली २०४८ बिटचीच घ्या. सही तपासायची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्डमध्ये ठेवतात. त्यातली एक स्ट्रिंग २५५ अक्षरांपलीकडे जात नाही, म्हणून किल्ली दोन अवतरणांत तोडावी लागते. काही डीएनएस पॅनेल हे आपोआप करतात. कॅनॉनिकलायझेशन (मोकळ्या जागांसारखे किरकोळ बदल सही तपासताना चालवून घ्यायचे की नाही, ते ठरवणारं सेटिंग) मुळात सिंपल, म्हणजे कडक असतं, आम्ही रिलॅक्स्ड ठेवलंय.

ओपनडीकिम बंद पडलं तर काय? अशा वेळी काय करायचं याचं सेटिंग पोस्टफिक्समध्ये असतं. अनेक ठिकाणी ते 'ॲक्सेप्ट' ठेवायला सांगतात, म्हणजे मेल बिनसहीची निघून जाते. मला हे पटत नाही. पोस्टफिक्सचं मूळचं 'टेम्पफेल'च (तात्पुरता नकार) बरं, मेल पाठवणाऱ्या यंत्राच्या रांगेत थांबते. स्कॅनरला मात्र रांग नसते, तो सरळ एरर दाखवतो.

उणीव एकच, पण मोठी: ओपनडीकिमची २.१०.३ ही स्थिर आवृत्ती २०१५ ची आहे आणि तिच्यात ईडी२५५१९ या नव्या प्रकारच्या किल्ल्या चालत नाहीत. नव्याने उभारणाऱ्यांनी डीकिमची सही करू शकणारं आरस्पॅमडी हे दुसरं सॉफ्टवेअरही बघावं.

किल्ली बदलताना नवा सिलेक्टर (डीएनएसमध्ये किल्ली ज्या नावाखाली असते ते नाव) घ्या आणि जुनं रेकॉर्ड निदान आठवडाभर राहू द्या. पोस्टफिक्सच्या रांगेत मेल पाच दिवसांपर्यंत अडकून राहू शकते, आणि तिच्यावर सही जुन्या किल्लीचीच असते.