बॉम्बे बेगम्स: काचेच्या केबिनपासून लक्ष्मी गोंधळीच्या खोलीपर्यंत

'बॉम्बे बेगम्स' ही मालिका ८ मार्च २०२१ रोजी, महिला दिनाचा मुहूर्त साधून नेटफ्लिक्सवर आली. भाग सहाच. प्रत्येक भाग पाऊण-एक तासाचा. संकल्पना अलंकृता श्रीवास्तव यांची, दिग्दर्शनात बोर्निला चॅटर्जी यांची साथ. शहरात राहणाऱ्या, कमावणाऱ्या, वर चढू पाहणाऱ्या बायकांवर आपल्याकडे आता बऱ्याच मालिका आल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींत महत्त्वाकांक्षा दिसते ती उंच टाचांत आणि वाइनच्या ग्लासात. या मालिकेत ती थेट शरीरापर्यंत पोचते, आणि मालिका पाहावी ती त्यासाठी.

राणी इराणी (पूजा भट्ट) 'रॉयल बँक ऑफ बॉम्बे'ची प्रमुख. कानपूरहून आलेली, बँकेच्या काउंटरपासून सुरुवात केलेली, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई. तिच्या हाताखाली फातिमा वारसी (शहाना गोस्वामी): बढती दारात उभी आहे आणि त्याच महिन्यांत आयव्हीएफही (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) चालू आहे. आयेशा अगरवाल (प्लाबिता बोरठाकूर) इंदूरहून आलेली नवखी, जिच्या नोकरीचा आणि राहायच्या जागेचा दोन्हीचा भरवसा नाही. चौथी लिली, म्हणजे लक्ष्मी गोंधळी (अमृता सुभाष), एके काळी डान्स बारमध्ये नाचणारी आणि आता देहविक्रय करणारी. पाचवी राणीची सावत्र मुलगी शाय (आध्या आनंद), वयात येत असलेली, चित्रं काढणारी. गोष्ट तिच्याच आवाजात सांगितली जाते.

राणीचे प्रसंग पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. महत्त्वाच्या कामाच्या मध्येच तिला अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो. पाळी जायच्या दिवसांतला हा त्रास आपल्या पडद्यावर आजवर आलाच तर एखाद्या चिडक्या सासूच्या विनोदासाठी आला. इथे तो बँक चालवणाऱ्या बाईला होतो आणि कॅमेरा नजर वळवत नाही. डोक्यात आकडे, समोर सूटातले पुरुष, आणि आपल्या घामाची जाणीव दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून सावरून बसलेली पाठ. पूजा भट्टनं हे सगळं फारसा चेहरा न हलवता केलं आहे. त्याच घरात शाय पहिल्या पाळीची वाट बघते आहे. एकीची पाळी जाते आहे, दुसरीची यायची आहे, आणि दोघी एकमेकींशी धड बोलत नाहीत. लेखनातली ही जोडी फार विचारानं बांधलेली आहे.

फातिमाच्या कथेतली आयव्हीएफची बाजू थोडी समजून घेतली तर तिचे प्रसंग जास्त भिडतात. एका फेरीत साधारण आठ ते चौदा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. मग बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीजं काढायची. ती वेळ बैठकीसाठी पुढे ढकलता येत नाही. गर्भ तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी सोडतात, आणि मग दोन आठवडे नुसती वाट. बढतीचं वेळापत्रक आणि हे वेळापत्रक एका बाईच्या अंगावर एकाच वेळी पडलं की काय होतं, ते शहाना गोस्वामीच्या थकलेल्या डोळ्यांत दिसतं. गर्भ टिकला नाही की दुःख हवंच, पण फातिमाला त्यात सुटकेचीही एक बारीक कळ जाणवते. हे कबूल करणारं लेखन दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल मालिकेला पूर्ण गुण द्यायला हवेत. पुढे सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईनं आपल्या पोटात मूल वाढवून देण्याचा, विषय येतो. तिथे आजच्या प्रेक्षकानं काळ लक्षात ठेवावा: मालिका आली तेव्हा सरोगसीचा कायदा झालेला नव्हता. तो डिसेंबर २०२१मध्ये मंजूर झाला आणि २५ जानेवारी २०२२पासून लागू आहे. पैसे देऊन सरोगसी करणं आता आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे त्या प्रसंगांतली सहजता आजच्या पुण्या-मुंबईतल्या जोडप्याला लागू पडत नाही.

मालिकेचं पाऊल घसरतं ते ऑफिसच्या कामकाजात. दीपक संघवी (मनीष चौधरी) हा बँकेतला वजनदार अधिकारी. तो आयेशाचा लैंगिक छळ करतो. आयेशा गप्प का बसते, मग बोलायला का धजते, आणि फातिमासारखी शहाणी बाईसुद्धा सुरुवातीला तिच्यावर विश्वास का ठेवत नाही, हे सगळं नेमकं उतरलं आहे. विशेषतः फातिमाचं. ज्या माणसाशी आपलं चांगलं जमतं तो असं करूच शकत नाही, ही समजूत ऑफिसांत किती घट्ट असते ते ठाऊक असलेल्या कुणीतरी हे लिहिलं आहे. पण तक्रारीनंतरची यंत्रणा पडद्यावर धूसर राहते.

कायद्याप्रमाणे ते असं चालतं. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारा हवा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. समितीनं सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला पाठवायची, त्यानं दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत पुरी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकानं साठ दिवसांत कारवाई. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. चौकशी चालू असताना तक्रारदार स्वतःची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मागू शकते.

हे सगळं मालिकेत पाठाप्रमाणे दाखवायला हवं होतं असं म्हणणं नाही. पण बाहेरचा सदस्य हा चौकशीतला सगळ्यात मोठा आधार असतो, कारण त्याचा पगार त्या कंपनीतून येत नाही. ती एक व्यक्ती खोलीत ठळकपणे बसलेली दाखवली असती तर आयेशाचं एकटेपण आणखी धारदार झालं असतं. आणि गोपनीयता! कलम १६ प्रमाणे तक्रारदाराचं नाव, चौकशीतला मजकूर, शिफारशी, काहीही बाहेर जाता कामा नये. मालिकेत ऑफिसच्या कुजबुजीला नाट्यासाठी मोकळं रान दिलं आहे. खऱ्या ऑफिसातही कुजबूज होते, हे मान्य. पण तो कायद्याचा भंग आहे एवढं एखाद्या पात्राच्या तोंडी आलं असतं तर कितीतरी तरुण प्रेक्षकांच्या उपयोगी पडलं असतं.

बँकेच्या सत्ताकारणाचंही तसंच. राणीची खुर्ची डळमळते आणि पुन्हा सावरते ती संचालकांच्या आणि गुंतवणूकदारांच्या मर्जीवर. आपल्याकडच्या खासगी बँकेत प्रमुखाची नेमणूक, फेरनेमणूक किंवा मुदतीआधी हकालपट्टी, यातल्या कशालाही रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. बँकिंग नियमन कायद्याच्या ३५बी कलमात ते स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेची ही सावली राणीच्या डोक्यावर पडली असती तर तिची भीती अधिक खरी वाटली असती. बँकेच्या शिखरावर बाई ही कल्पना मात्र लेखिकेनं हवेतून आणलेली नाही. २००९मध्ये आयसीआयसीआयची सूत्रं चंदा कोचर यांच्याकडे आणि ॲक्सिसची शिखा शर्मा यांच्याकडे आली, २०१३मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. काउंटरवरून केबिनपर्यंत आलेली राणी त्या काळाचीच लेक आहे.

आता लिली. गोष्टीत इराणी घराच्या गाडीखाली तिच्या मुलाला दुखापत होते, आणि ते प्रकरण दाबण्याच्या बदल्यात ती काय मागते, हा मालिकेचा सगळ्यात जिवंत धागा. ती भीक मागत नाही. तिला स्वतःचं काम उभं करायचं आहे, छोटा कारखाना काढायचा आहे, आणि मुलाच्या शाळेत मान वर करून जायचं आहे. अमृता सुभाष यांना 'अस्तु' या चित्रपटासाठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते मराठी प्रेक्षकाला सांगायला नको. इथे त्यांनी लिलीची चाल, खांदा पुढे काढून उभं राहणं, मोठ्या माणसासमोर आवाज चढवताना आतून वाटणारी धाकधूक, हे सगळं हाडामांसाचं केलं आहे. मराठी कानाला आणखी एक गोष्ट टोचते: तिचं खरं आडनाव गोंधळी. देवीचा गोंधळ घालणाऱ्यांचं आडनाव असलेली लक्ष्मी मुंबईत येऊन लिली होते, हा एवढा तपशील तिच्यामागच्या गावाची आणि घराची जाणीव करून देतो. ते घर प्रत्यक्ष दाखवायला मात्र मालिका थांबत नाही, आणि ही उणीव खरोखर लागते. राणीच्या बंगल्याला जेवढी मिनिटं मिळाली त्यातली दहा लिलीच्या भूतकाळाला मिळायला हवी होती.

डान्स बार सुटणं म्हणजे काय, याचा संदर्भ नव्या प्रेक्षकाला नसेल. महाराष्ट्रानं ऑगस्ट २००५मध्ये डान्स बारवर बंदी घातली. उच्च न्यायालयानं २००६मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये तो निकाल कायम केला. मग सरकारनं नवे कायदे आणले, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या. या चौदा वर्षांत नाचणाऱ्या बायकांची तरुणपणाची कमाईची वर्षं संपून गेली. लिलीच्या बोलण्यातली घाई त्या वर्षांची आहे.

बँक लिलीला मदत करते तो भाग मोठ्या मनाच्या कृपेसारखा रंगवला आहे. पण लिलीसारख्या बाईचं खातं उघडायला मेहेरबानीची गरज नाही, नियमातच वाट आहे. कागदपत्रं नसतील तरी फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर 'छोटं खातं' उघडता येतं. त्यात वर्षाला एकूण एक लाखापर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढणं, आणि शिल्लक कधीही पन्नास हजारांच्या वर नाही, अशा मर्यादा आहेत. मुदत बारा महिने, कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा. छोट्या धंद्यासाठी सरकारच्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं 'शिशू' कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. कोलकात्यात सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या बायकांनी तर १९९५मध्ये स्वतःची 'उषा' ही सहकारी संस्था काढली, कारण बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या. नियम आहे आणि तरीही काउंटरवरचा माणूस पत्ता विचारून परत पाठवतो: खरं नाट्य तिथे होतं. आयेशा आणि लिली त्या काउंटरवर शेजारी शेजारी बसलेल्या दिसायला हव्या होत्या.

शायच्या निवेदनाबद्दल. तिचे उतारे फार काव्यमय आहेत, आणि जे दृश्यानं आधीच सांगितलं तेच पुन्हा सांगतात. पहिल्या दोन भागांत ते खटकतं, नंतर कानाला सवय होते. आध्या आनंद गप्प असते तेव्हा जास्त बोलते. प्रत्येक भागाला एखाद्या लेखिकेच्या पुस्तकाचं नाव दिलं आहे, शेवटच्या भागाचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' (लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली आणि पैसा हवा, असं सांगणारं व्हर्जिनिया वुल्फचं पुस्तक). ती नावं नुसती सजावट नाहीत. स्वतःची खोली आणि स्वतःचा पैसा हा प्रश्न पाचही जणींना वेगवेगळ्या किमतीत सोडवावा लागतो.

पाहण्याआधी काही गोष्टी. ही मोठ्यांची मालिका आहे: लैंगिक छळ, देहविक्रय, गर्भ गमावण्याचं दुःख, शिव्या, सगळं आहे. शाळकरी मुलांच्या नशेच्या दृश्यांवरून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मार्च २०२१मध्ये नेटफ्लिक्सला नोटीस दिली होती, त्यामुळे घरातल्या लहान मुलांसोबत लावू नका. गर्भ गमावलेल्या कुणासोबत पाहणार असाल तर फातिमाच्या कथेबद्दल आधी सांगून ठेवा. हिंदी-इंग्रजी मिसळलेला मूळ आवाजच ठेवा, कारण लिलीचं बोलणं डबिंगमध्ये गेलं की अर्धी लिली जाते. सहाही भाग एका बैठकीत संपवू नका. चौथ्यानंतर एक रात्र जाऊ द्या, मग आयेशाच्या तक्रारीचे प्रसंग ताज्या मनानं पाहा, आणि त्यात फातिमाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा.