गॅलक्सीवर टीबीचा जीनोम वाचायला शिकतेय, काही महिने वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, मायक्रोबायोलॉजी झालंय, लॅबचं काम येतं, पण कमांड टाइप करायची टर्मिनलची काळी स्क्रीन बघितली की पोटात गोळा येतो असं असेल तर डोळे झाकून गॅलक्सीपासून सुरू करा, म्हणजे जीनोमच्या डेटाची टूल्स क्लिक करून चालवता येतात अशी वेबसाइट. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, अकाउंट काढलं की २५० जीबी जागा.

मी परळच्या एका लॅबमध्ये आहे, राहते डोंबिवलीला, लॅपटॉप ८ जीबी रॅमवाला. एका क्लासमध्ये चौकशी केली तर फी ऐकूनच नमस्कार केला. इथे सगळं काम सर्व्हरवर होतं. एसआरए या सिक्वेन्सिंग डेटाच्या संग्रहातला पब्लिक डेटा हवा तर अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे त्या डेटाचा ओळखक्रमांक, टाकायचा, फाइल थेट तिकडेच उतरते, घरच्या वायफायला त्रास नाही. रात्री जॉब लावायचा आणि सकाळी लोकलमध्ये, ठाण्याची गर्दी चढायच्या आत, मोबाईलवर रंग बघायचा: राखाडी म्हणजे रांगेत, पिवळा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे बोंबला. सर्व्हर सगळ्यांचा आहे त्यामुळे थांबावं लागतंच, ते धरून चाला.

माणसाच्या जीनोमच्या नादी सुरुवातीला लागू नका, तो ३०० कोटी बेसचा (म्हणजे डीएनएची अक्षरं), टीबीचा जेमतेम ४४ लाख. आणि आम्ही रोज सीबीनॅट या टीबीच्या जलद चाचणीवर रिफॅम्पिसिन या औषधाच्या रेझिस्टन्सचे रिपोर्ट काढतो, तर तो रेझिस्टन्स सिक्वेन्समध्ये नेमका कुठे बसलाय हे बघायची मला भारी उत्सुकता होती. स्निपी हे सिक्वेन्समधले बदल शोधणारं टूल चालवलं, बदलांची यादी असलेली व्हीसीएफ फाइल उघडली, ७६११५५ व्या जागी सी चा टी झालेला. आरपीओबी जीनमधला टीसीजी हा तीन अक्षरी कोड तिथे टीटीजी होतो, त्याच्या प्रोटीनमध्ये ४५० व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन हे अमिनो आम्ल बसतं, औषध नीट चिकटत नाही. जुन्या पेपरांत हेच ५३१ म्हणून सापडेल, ते ई. कोलायचं नंबरिंग, गोंधळू नका.

आता तक्रार म्हणा किंवा सावधगिरी म्हणा. हिरवा रंग म्हणजे जॉब पडला नाही एवढंच, उत्तर बरोबर आहे असं नाही! टीबीमध्ये पीई-पीपीई नावाचे जीन आहेत, एकमेकांसारखे, तिथे छोटे रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) चुकीच्या जागी बसतात आणि खोटे व्हेरियंट, म्हणजे मुळात नसलेले बदल, येतात, म्हणून तो भाग सहसा गाळतात. हे टूल स्वतःहून सांगत नाही. आयजीव्ही या जीनोम बघायच्या प्रोग्रॅममध्ये बॅम फाइल (रीड्स कुठे बसले ते सांगणारी) उघडून रीड्सची चळत डोळ्यांनी बघितली की कळतं. तसंच फास्टक्यूसी या डेटाचा दर्जा तपासणाऱ्या टूलचा जीसी ग्राफ (रीड्समध्ये जी आणि सी किती टक्के ते दाखवणारा), टीबीचं शिखर ६५ टक्क्यांच्या आसपास येतं, पण ४० पाशी दुसरा उंचवटा दिसला तर माणसाचा डीएनए मिसळलाय का म्हणून क्रॅकन हे रीड्स कुठल्या जीवाचे ते ओळखणारं टूल चालवून बघायचं. (आमच्याकडचे सीनियर हा ग्राफ बघतच नाहीत, असो.)

पेशंटचा डेटा मात्र पब्लिक सर्व्हरवर चढवू नका, परवानगीशिवाय तर नाहीच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. प्रत्येक रिझल्टच्या डिटेल्समध्ये मागे कुठली कमांड चालली ते जशीच्या तशी दिसतं. मी त्या कमांड वहीत उतरवत गेले आणि टर्मिनलची भीती तिथेच निम्मी गेली. सॅम्पल वाढले की बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड लिहिणं, लागतंच. तोवर गॅलक्सी ट्रेनिंग नेटवर्कवरचं टीबीचं ट्यूटोरियल करा, डेटा झेनोडो या संशोधन डेटाच्या साइटवर मोफत मिळतो.